तांबेमास्तरांचं बसणं

तांबेमास्तरांचं आडनाव तांबे नव्हतं, आणि मास्तर म्हणून ते कुठल्या शाळेत कधी उभेही राहिले नव्हते. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या घरांत पाण्याचे पाइप घातले, तेही तांब्याचेच घातले, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं. ते इतकं घट्ट बसलं की पाकिटावर खरं नाव असलं तर टपालवाला दारात थबकून विचारायचा, "हे कोण तुमच्याकडे राहतात?"

प्लास्टिकच्या लवचीक पाइपांबद्दलचं त्यांचं मत सगळ्या वस्तीला पाठ होतं. "ज्याला घरात राहायचंय त्यानं तांबं घालावं. ज्याला घर सोडून जायचंय त्यानं ती आतडी घालावीत." हे वाक्य ते दुकानात, जिन्यात, दाढी करून घेताना, आणि एकदा एका मयताला गेले असतानाही बोलले होते. लोक हसायचे. मयताच्या घरचेही हसले होते.

अशा या माणसाला सात वर्षांपासून आगीची भीती वाटत होती. ही गोष्ट जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो माणूस ती कुणाला सांगणार नव्हता, कारण तो म्हणजे ते स्वतःच.

तांब्याचा पाइप वळत नाही. कोपरा आला की तो कापायचा, टोकं काचकागदानं घासून चकचकीत करायची, वाकडा तुकडा बसवायचा आणि गॅसच्या बत्तीनं तापवून झाळ लावायची. झाळ वितळून सांध्यात ओढली जाते आणि कडेनं चांदीची बारीक रेघ उमटते. मास्तरांची रेघ कंपासनं काढल्यासारखी यायची. पण ही बत्ती भिंतीच्या आत, लाकडापासून चार बोटांवर पेटवावी लागते. जुन्या घरांच्या भिंती लाकडी पट्ट्यांच्या, आत थंडी अडवायला भुसा भरलेला. त्या भुशात एक ठिणगी पडली तर ज्वाळा निघत नाही. ती ठिणगी आत दोन-दोन तास नुसती धुमसत राहते, आणि मग एकदम उठते.

म्हणून मास्तरांची एक पद्धत होती. काम संपलं, हत्यारं पिशवीत गेली, की ते म्हणायचे, "आता मी जरा बसतो." आणि भिंतीला पाठ लावून तासभर बसायचे. मधूनमधून उलटा हात भिंतीवर फिरवायचे, पोराला ताप आहे का बघावा तसा. का बसतो हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. पण कुणी विचारलं नाही, कारण सगळ्यांना कारण माहीत होतं. मास्तर चहासाठी बसतात. लोक चहा द्यायचे, मास्तर प्यायचे, आणि दोन्हीकडून गैरसमज गोडीत चालला होता.

सात वर्षांपूर्वी ते शिवणबाईंकडे गेले. या बाई एकट्या, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत राहायच्या आणि अर्ध्या वस्तीचे कपडे शिवायच्या. मोरीमागच्या भिंतीत एक सांधा गळत होता. मास्तरांनी तो झाळला, पिशवी आवरली आणि म्हणाले, "आता मी जरा बसतो."

शिवणबाईंच्या समोर संध्याकाळी द्यायचे सहा झगे होते. त्या मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या, "आज दूध नाहीये हो घरात."

मास्तरांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. इतकी वर्षं लोक आपल्याला काय समजत होते, ते त्यांना त्या एका वाक्यात कळलं. तेव्हा त्यांनी म्हणायला हवं होतं, "चहाला नाही, बाई, भिंतीसाठी बसतोय." पण ते म्हणाले, "छे छे, मी कुठे चहा मागितला?" आणि पिशवी उचलून तरातरा जिना उतरले.

दोन तासांनी बाईंना जळकट वास आला. त्या धावत इस्त्रीकडे गेल्या. इस्त्री थंड होती. पाच मिनिटांनी पुन्हा वास आला, त्यांनी पुन्हा इस्त्री पाहिली. तिसऱ्यांदा पाहिली तेव्हा मागची भिंत करडी होऊन फुगत होती. बाई वाचल्या, मशीन गेलं, सहा झगे गेले, एक खोली गेली. मास्तर धापा टाकत पोचले तेव्हा बाई गळ्यात टेप अडकवून रस्त्यावर उभ्या होत्या आणि अग्निशमनवाल्याला सांगत होत्या, "मीच. मीच इस्त्री चालू ठेवली असणार. दुसरं कोण?" तो लिहून घेत होता. मास्तरांनी तोंड उघडलं. थोडा धूर आत गेला. त्यांनी तोंड मिटलं.

त्यानंतर त्यांनी लाकडी भिंतीत बत्ती पेटवली नाही. सगळं मोजून घ्यायचं, बाहेर पायरीवर सांधे झाळायचे आणि तयार सांगाडा भिंतीत सरकवायचा. जे काम तसं जमण्यासारखं नसेल, त्याला "सध्या हात रिकामा नाही" म्हणायचं. लोकांना यात कसब दिसलं. "मास्तर भिंतीला काळा डागसुद्धा लागू देत नाहीत," असं म्हणू लागले. भीतीची एवढी वाहवा क्वचितच झाली असेल. आणि प्लास्टिकला ते पूर्वीपेक्षा मोठ्या आवाजात शिव्या देऊ लागले, कारण आवाज खाली आला असता तर कुणीतरी का म्हणून विचारलं असतं.

घरी बायको म्हणायची, "अहो, तुम्ही हल्ली जाल तिथे भिंतींचा ताप बघता. आपल्या घरात तरी सगळ्या ठणठणीत आहेत ना?" मास्तर हसायचे आणि हात खिशात घालायचे.

मग लेकीनं घर घेतलं.

घर जुनं होतं, वरचा मजला, भिंती लाकडी. लोखंडी पाइप आतून गंजून गेलेले. लेक सातआठ महिन्यांच्या बाळीला कडेवर घेऊन नळाखालची बादली दाखवत म्हणाली, "बाबा, हे बघा. हिला आंघोळ घालायची की रंग द्यायचा?"

"सगळे बदलावे लागतील."

"तेच म्हणतेय. तांबं. तुमच्याच हातचं. दुसऱ्या कुणाला मी दारात उभं करणार नाही."

मास्तरांचा उलटा हात आपोआप भिंतीवर गेला. भिंत थंड होती. भिंतीपलीकडे बाळीची झोपायची खोली होती.

जावई नकाशे काढायच्या कचेरीत कामाला होता. सासऱ्यांशी बोलण्याआधी तो नेहमी घसा साफ करायचा आणि बरेचदा तेवढ्यावरच थांबायचा. त्यानं घराचा नकाशा काढून आणला होता, त्यावर लाल ठिपके होते.

"बाबा... म्हणजे मी नुसतं मोजलं. तांब्याचे एकतीस सांधे होतात. त्यातले चौदा असे आहेत, की ते भिंतीच्या आतच करावे लागतील. बाहेर करून सरकवायला जागाच नाही."

मास्तरांनी ठिपके पाहिले. पोरानं अचूक मोजले होते. चौदापैकी पाच बाळीच्या खोलीच्या भिंतीत होते.

"आणि ते दुसरे असतात ना," जावई म्हणाला, "लवचीक. ते कोपऱ्यात नुसते वळतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच अखंड तुकडा. भिंतीच्या आत एकही सांधा नाही. आणि जाळ लागत नाही."

"तू गप्प बस," लेक म्हणाली. "बाबांसमोर प्लास्टिकचं नाव काढतोस?"

मास्तरांना मनापासून वाटत होतं की पोरानं गप्प बसू नये. त्यानं अजून दोन मुद्दे काढावेत, थोडा आवाज चढवावा, म्हणजे आपल्याला चिडून "करा तुमच्या मनासारखं" म्हणता येईल. त्यांनी आशेनं जावयाकडे पाहिलं. जावयाला ती नजर रागाची वाटली. आणि चाळीस वर्षांची सवय झालेली जीभ मालकाला न विचारता बोलून गेली, "आतडी! उंदरांना मेजवानी. उन्हात ठेवलं तर तडकतं, कशाला हवं ते?"

जावयानं नकाशाची गुंडाळी केली.

पुढचे आठ दिवस काम पद्धतशीर चाललं. जुने पाइप निघाले, पट्ट्या उघडल्या, बाहेर पायरीवर सतरा सांधे झाळून झाले आणि चांदीच्या रेघा बघायला खालचे भाडेकरू येऊन गेले. उरले चौदा. त्यातला पहिला बाळीच्या खोलीच्या भिंतीतला होता. नवव्या दिवशी दुपारी मास्तर त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसले.

त्यांनी मागे पत्रा लावला. पत्र्यावर ओलं गोणपाट टाकलं. पाण्याची एक बादली ठेवली, मग दुसरी ठेवली. आग विझवायची लाल नळकांडी लेकीच्या स्वयंपाकघरातून आणून गुडघ्याशी टेकवली. समोर पट्ट्यांच्या फटीतून भुसा बारीक झिरपत होता, वाळूच्या घड्याळासारखा. पलीकडून लेकीचा आवाज येत होता. ती बाळीला थोपटत काहीतरी बडबडत होती. भिंत इतकी पातळ होती की थोपटण्याचा चपचप आवाजही ऐकू येत होता.

बत्ती पेटली. निळी ज्योत फुसफुसत उभी राहिली. मास्तरांनी ती पाइपाकडे नेली, तेवढ्यात वरून भुशाचा एक कण तिच्यात पडला. एकच. तो लाल झाला, क्षणभर तरंगला आणि विझला.

मास्तरांनी बत्ती बंद केली. तळहात पायजम्याला पुसले. पुन्हा पेटवली. या वेळी कण पडला नाही, पण पडेल म्हणून ते बघत राहिले आणि ज्योत पाइपाऐवजी हवा तापवत राहिली. पुन्हा बंद केली. तिसऱ्यांदा फटीकडे बघता बघता ज्योतीचं टोक गोणपाटाला लागलं, ओलं गोणपाट चर्र म्हणालं, आणि तो वास आला. तोच वास.

"बाबा," पलीकडून लेकीनं हळू हाक मारली, "बाळी झोपली. मी पटकन खाली जाऊन येते. तुम्ही आहातच ना इथे?"

"नको!"

ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की बाळी दचकून उठली आणि रडायला लागली. लेक तिला उचलून धावत आली. बाप दोन बादल्यांच्या मधे बसला होता, हातात विझलेली बत्ती होती आणि तोंडाचा रंग चुन्यासारखा झाला होता.

"काय झालं? भाजलं का? छातीत दुखतंय?"

"तिला तिथून आण."

"आणलंय, बाबा. ही बघा, माझ्याकडेच आहे."

"मला नाही पेटवायची ही इथे." मास्तर भिंतीकडे बघत बोलत होते. "मला भीती वाटते."

लेकीला वाटलं, वय झालं. ती बाळीला हलवत समजुतीच्या सुरात म्हणाली, "हात थरथरतो का हल्ली? अहो, मग सांगायचं ना! आपण दुसरा माणूस बघू, तुम्ही नुसते शेजारी उभे—"

"हात नाही. शिवणबाईंचं घर इस्त्रीनं नाही जळलं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. कोणता सांधा, भिंतीच्या कोणत्या बाजूला, इस्त्री त्याच्या किती लांब होती, दूध नाही हे वाक्य, आपण काय म्हणालो आणि काय म्हणायला हवं होतं. लेक उभी होती ती हळूहळू खाली बसली. बाळीनं रडणं थांबवून आजोबांच्या लाल नळकांडीला हात घातला.

"शिवणबाई अजून म्हणतात, माझ्या हातून झालं," लेक म्हणाली.

"हो."

"तुमच्यासमोर म्हणतात?"

"मागच्या महिन्यातसुद्धा म्हणाल्या. भाजीच्या रांगेत."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, होतं असं कधीकधी."

लेक चिडली असती तर मास्तरांना बरं वाटलं असतं. तिनं उठून खिडकीतून नवऱ्याला हाक मारली. "अरे, तुझा तो नकाशा आण वर. आणि ते जे काय आहे ना, वळणारं, ते कुठे मिळतं?"

अशा रीतीनं तांबेमास्तरांच्या लेकीच्या घरात प्लास्टिक आलं. गरम पाण्याला लाल वेटोळं, थंडाला निळं. चौदा ठिपके नकाशावरून पुसले गेले. बंबापाशी तेवढं वीतभर तांबं राहिलं, कारण तापलेल्या बंबाला प्लास्टिक चिकटवत नाहीत. तो तुकडा पायरीवर झाळून, पूर्ण निववून मगच जोडला. पाइप कोपऱ्यात खरोखरच नुसता वळला. मास्तरांनी तो वळताना पाहिला आणि तोंड फिरवलं.

टोकात पितळी तुकडा, वरून तांब्याची कडी आणि ती कडी लांब दांड्यांच्या पकडीनं दाबायची, एवढंच काम. पण मास्तरांना त्यात नवीच धास्ती सापडली. चुकलेली झाळ पाणी सोडल्याबरोबर थेंब दाखवते. इथे अर्धवट दाबलेली कडी चार दिवस साळसूदपणे बसणार आणि घरात कुणी नसताना सुटणार. प्रत्येक कडी ते डोळ्यांपाशी धरून बघत होते, आणि डोळ्यांना काहीच कळत नव्हतं.

जावई माहितीपत्रक मोठ्यानं वाचत होता. "बाबा... कडी दोनदा दाबायची नाही, असं लिहिलंय."

"लिहू दे."

"मोठ्या अक्षरांत लिहिलंय."

मास्तरांनी त्याच कडीवर पुन्हा नेलेली पकड खाली ठेवली. "मग नीट दाबली गेली की नाही, हे कळायचं कसं?"

"ही खाचेची पट्टी आहे. एक खाच कडीवर बसली पाहिजे, दुसरी बसता कामा नये." जावयानं पट्टी कडीवर लावून दाखवली. "बसली. म्हणजे झालं."

"एवढंच?"

"एवढंच."

चाळीस वर्षांच्या हाताला पत्र्याची पट्टी पास-नापास करते, हे मास्तरांनी निमूट ऐकून घेतलं. बावीस कड्या होत्या. बाविसाव्या कडीनंतर पाइपांत दाब भरला आणि घड्याळासारखी तबकडी लावली. काटा दोन तास जागचा हलता कामा नये. मास्तर भिंतीला पाठ लावून तबकडीसमोर बसायला वाकले.

लेकीनं त्यांचा दंड धरला. "काटा मी बघते. तुम्ही जा."

"कुठे?" मास्तरांनी विचारलं, आणि लगेच मान खाली घातली.

शिवणबाईंच्या जिन्याला अठ्ठावीस पायऱ्या. मास्तर प्रत्येक पायरीवर थांबले. सात वर्षांत बाईंनी नवं मशीन घेतलं होतं, पण इस्त्री घेतली नव्हती. कपडे शिवून झाले की त्या कोपऱ्यावरच्या दुकानात इस्त्रीला पाठवायच्या.

"या मास्तर. नळ तर माझा बरा आहे," बाई मशीनवरून म्हणाल्या.

"नळासाठी नाही आलो." मास्तर दारातच उभे राहिले. आतापर्यंत त्यांना वाटत होतं, आगीइतकी भीती दुसऱ्या कशाची नसते. ते चुकीचं होतं. आगीपुढे निदान बादली ठेवता येते. "इस्त्री तुम्ही बंदच केली होती. ती भिंत माझ्या बत्तीनं पेटली."

बाईंचं मशीन थांबलं. मास्तरांनी सांगायला सुरुवात केली आणि मधे कुठे न थांबता शेवटपर्यंत नेलं. बाई कापडावरचा हात तसाच ठेवून ऐकत होत्या.

"म्हणजे तुम्ही बसायचात ते भिंतीसाठी?" त्यांनी शेवटी विचारलं.

"हो."

"मग सांगायचंत ना, माणसा."

"हो."

"मी तुम्हाला चहासाठी घुटमळणारा समजत होते. सगळीच समजत होती." त्या हसतील असं क्षणभर वाटलं. त्या हसल्या नाहीत. "सात वर्षांत माझी मुलगी मला न्यायला तीनदा आली. येऊन राहा म्हणाली, घरात लहान मुलं आहेत, तुझा हात लागेल. मी नाही गेले. लहान मुलांच्या घरात पेटवणारं माणूस कशाला? तिला कारणही सांगितलं नाही. तिला वाटतं, आईला आपल्याकडे करमत नाही. चौथ्यांदा ती आली नाही."

माफीचे सगळे शब्द मास्तरांना त्या क्षणी दुकानातल्या नमुन्यासारखे वाटले, बघायला ठीक, पण पाणी धरेल याचा भरवसा नाही.

बाई उठल्या. त्यांनी टेबलावरचा फोन घेतला, नंबर लावला आणि फोन मास्तरांपुढे धरला.

"मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारी मनाची समजूत घालतेय. तुम्ही सांगा. मला सांगितलंत तसंच, पहिल्यापासून."

"आत्ता?"

"मग कधी?"

मास्तरांनी फोन घेतला. पलीकडे घंटी वाजत होती. चौथ्या घंटीला कुणीतरी फोन उचलला, मागे मुलांचा गोंगाट होता, आणि एक बाई घाबऱ्या आवाजात म्हणाली, "आई? काय झालं?"

"आई बरी आहे," मास्तर म्हणाले. "मी पाइपाचं काम करणारा. सात वर्षांपूर्वी मी तुमच्या आईकडे एक सांधा झाळायला आलो होतो."